न छापलेल्या बातमीची किंमत

वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली म्हणजे आम्हां मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे एकच देखावा उभा राहतो: एका बाजूस संपादक व त्याची लेखणी, दुसऱ्या बाजूस सरकार व त्याची बेडी. हा देखावा कल्पित आहे असे कोणी म्हणणार नाही. 1878 सालचा देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा कायदा, 1897 साली व पुन्हा 1908 साली टिळकांवर चाललेले राजद्रोहाचे खटले, आणि स्वराज्य मिळून 28 वर्षे लोटल्यावर 1975 च्या आणीबाणीत पुन्हा अवतरलेला सेन्सॉर, हा सर्व आमच्या समाजाने भोगलेला इतिहास आहे. त्या इतिहासाने आम्हांस एक चांगली सवय लावली व एक वाईट. सरकारने पत्राचा गळा दाबला की आम्ही खवळून उठतो, ही चांगली सवय. परंतु सरकारचा हात गळ्यावर दिसला नाही, म्हणजे पत्र स्वतंत्र आहे असे धरून आम्ही निर्धास्त होतो, ही वाईट. गळा दाबणारा हात दिसलाच पाहिजे असा काही नियम नाही. पुष्कळदा तो गळ्यावर नसून खिशात असतो, आणि तेथून त्याचे काम अधिक नीट चालते. कारण तुरुंगात गेलेल्या संपादकाबद्दल लोक हळहळतात, पण न छापलेल्या बातमीबद्दल हळहळणार कोण? ती होती हेच मुळी कोणास ठाऊक नसते.

अशा न छापलेल्या बातम्यांचा हिशेब ज्याने जन्मभर ठेवला, तो जॉर्ज सेल्डिस हा अमेरिकन पत्रकर्ता आमच्याकडे फारसा कोणास माहीत नाही. 1890 च्या नोव्हेंबर महिन्यात न्यू जर्सी संस्थानातील अलायन्स ह्या वसाहतीत तो जन्मला. रशियातून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनी शेती करून राहण्यासाठी ती वसविली होती. 1995 च्या जुलै महिन्यात तो वारला, तेव्हा त्याचे वय 104 वर्षांचे होते. एवढ्या दीर्घ आयुष्याचे साद्यंत चरित्र सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्या चरित्रातून एक सिद्धांत निघतो व तो आमच्या घरोघरच्या वाचकांच्या फार उपयोगाचा आहे असे आम्हांस वाटते, तेवढ्यापुरताच हा लेख. तो सिद्धांत असा: वर्तमानपत्र ज्याच्या पैशावर जगते, त्याच्याविषयी ते मौन पाळते, आणि वाचक जोपर्यंत पत्राचा खर्च स्वतः सोसण्यास तयार नाही, तोपर्यंत ह्या मौनाबद्दल संपादकास बोल लावण्याचा त्यास अर्धाच अधिकार आहे.

सेल्डिसने 1909 साली पिट्सबर्ग शहरातील 'लीडर' ह्या पत्रात उमेदवारी सुरू केली, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. तेथे मिळालेला पहिला धडा त्याने पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे. शहरातील एका मोठ्या दुकानदाराच्या मुलावर दुकानात काम करणाऱ्या एका तरुणीने गंभीर आरोप केला होता. सेल्डिसने बातमी लिहून दिली. ती छापली गेली नाही. ती जाहिरातखात्याकडे गेली, आणि त्या दुकानाच्या जाहिराती वाढल्या, असे तो म्हणतो. ज्या पोराने बातमी आणण्यासाठी दिवसभर पायपीट केली, त्यास तिची खरी किंमत अशा रीतीने प्रथम कळली.

पहिल्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याबरोबर वार्ताहर म्हणून होता, आणि युद्धानंतर शिकागोच्या 'ट्रिब्यून' पत्राचा युरोपातील प्रतिनिधी झाला. 1923 साली सोव्हिएट रशियाने त्यास घालवून दिले, कारण तेथील सेन्सॉरास चुकवून त्याने बातम्या बाहेर पाठविल्या होत्या. 1925 साली मुसोलिनीने त्यास इटलीतून हाकलले, कारण मात्तेओत्ती ह्या समाजवादी पुढाऱ्याच्या 1924 सालच्या खुनाचे धागे कोठवर पोहोचतात हे त्याने लिहिले होते. दोन वर्षांच्या अंतराने बोल्शेविकांनी आणि फॅसिस्टांनी ज्यास सारखेच असह्य मानले, तो मनुष्य निदान कोणा एकाच्या ओंजळीने पाणी पिणारा नव्हता, एवढे तरी मान्य करावे लागेल.

परंतु सेल्डिसच्या मनास कलाटणी मिळाली ती मॉस्को येथे नव्हे व रोम येथेही नव्हे. 1927 साली त्याच्या पत्राने त्यास मेक्सिकोस पाठविले. तेथील खनिज संपत्तीवर अमेरिकन कंपन्यांचा डोळा होता, आणि त्या कंपन्यांच्या वर्तनाविषयी त्याने जे लिहिले ते त्याच्या पत्राच्या मालकास रुचले नाही. येथे कोणी हद्दपारीचा हुकूम काढला नाही, दारावर शिपाई आला नाही. युरोपात परतल्यावरही त्याच्या मजकुरास मालकाच्या राजकीय मतांच्या बेताने कात्री लागू लागली. हुकूमशहाची कात्री निदान आपले नाव सांगते. ह्या कात्रीस नावच नव्हते. सेल्डिसने ती नोकरी सोडली व 1929 साली आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. 'यू कान्ट प्रिंट दॅट', म्हणजे 'हे तुम्हांला छापता येणार नाही', असे त्याचे नाव होते. 1935 साली 'फ्रीडम ऑफ द प्रेस' आणि 1938 साली 'लॉर्ड्स ऑफ द प्रेस' ही पुस्तके निघाली. वृत्तपत्रांचे मालक कोण, त्यांचे इतर धंदे कोणते, त्यांना जाहिराती कोणाकडून मिळतात, आणि त्या त्या धंद्यासंबंधीच्या बातम्यांचे त्या त्या पत्रात काय होते, ह्याची उलटतपासणी असे त्या लेखनाचे स्वरूप होते. हे काम वक्तृत्वाचे नव्हे, ताळेबंदाचे होते; म्हणूनच ते मालकवर्गास अधिक झोंबले.

1940 च्या मे महिन्यात सेल्डिसने 'इन फॅक्ट' हे स्वतःचे पत्र काढले. आकार अवघा चार पानांचा, चित्रे नाहीत, शोभा नाही, आणि मुख्य गोष्ट म्हणजे जाहिरात एकही नाही. दैनिक वृत्तपत्रांतील असत्यावरचा उतारा, असे ब्रीद त्याने मथळ्याखाली छापले होते. विष चढलेल्यास उतारा देणारा वैद्य लोकप्रिय होतो. परंतु विष विकणारा शेजारीच दुकान मांडून बसला असेल तर वैद्याचे काय होते, हे ह्या पत्राच्या दहा वर्षांच्या इतिहासात पाहावयास मिळते.

त्या इतिहासातले एकच प्रकरण येथे सांगतो, कारण ते मतभेदाचे नसून आकड्यांचे आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रेमंड पर्ल ह्या जीवशास्त्रज्ञाने 1938 साली धूम्रपान व आयुर्मर्यादा ह्यांचा संबंध तपासून आपला निष्कर्ष 'सायन्स' ह्या शास्त्रीय पत्रात प्रसिद्ध केला. त्याच्या कोष्टकाचे तात्पर्य असे होते: तिशीतले 1,00,000 पुरुष घेतले, तर वयाच्या साठाव्या वर्षी, तंबाखू न ओढणाऱ्यांपैकी सुमारे 66,500 जिवंत राहतात, बेताने ओढणाऱ्यांपैकी सुमारे 62,000, आणि अतिशय ओढणाऱ्यांपैकी सुमारे 46,000 मात्र. म्हणजे न ओढणाऱ्यांत जेथे तिघांतील दोघे साठी पाहतात, तेथे अतिशय ओढणाऱ्यांतील निम्मेही पाहत नाहीत. ज्या देशात घरोघरी सिगारेट पोहोचली होती, त्या देशात ह्याहून मोठी बातमी कोणती असू शकेल? एखाद्या नटीच्या काडीमोडीस रकानेच्या रकाने देणाऱ्या दैनिकांनी ह्या बातमीस किती जागा दिली? काही नियतकालिकांनी तिची दखल घेतली, हे खरे; परंतु बहुतेक मोठ्या दैनिकांनी ती एक तर गाळली, नाही तर कोठे तरी कोपऱ्यात पुरून टाकली, असा सेल्डिसचा आरोप होता. आणि ह्याच दैनिकांत सिगारेटच्या कंपन्यांच्या भल्या मोठ्या जाहिराती रोज झळकत होत्या.

सेल्डिसने 1941 च्या आरंभापासून हा विषय हाती घेतला आणि दहा वर्षे सोडला नाही. नवीन संशोधन निघाले की तो ते छापी. जुने संशोधन दडपले गेले की दडपणाऱ्यांची नावे छापी. शास्त्रज्ञ तो नव्हता, त्याने प्रयोगही केले नाहीत. जे शास्त्रज्ञांनी उघडपणे प्रसिद्ध केले होते तेच वाचकांच्या कानी घालणे, एवढेच त्याचे काम. हेच काम करण्यासाठी शेकडो दैनिके, हजारो बातमीदार व कोट्यवधी डॉलरांचे छापखाने त्या देशात उभे होते; आणि ते चार पानांच्या पत्रास करावे लागले, ह्यातच त्या दैनिकांवरचा निकाल आला.

येथे कोणी म्हणेल, की 1938 साली शास्त्र अपुरे होते. एका संशोधकाच्या कोष्टकावर विसंबून लोकांत घबराट पसरविणे संपादकांस अप्रशस्त वाटले असेल. हा युक्तिवाद ऐकावयास सभ्य आहे, परंतु टिकणारा नाही. अपुऱ्या शास्त्राची एवढीच धास्ती होती, तर अमुक सिगारेट घशास सुखकारक आहे, तमुक सिगारेट डॉक्टर लोक पसंत करतात, अशा जाहिराती त्याच पानांवर कशा खपल्या? तेथे कोणी प्रमाण मागितले नाही. प्रमाणाची कसोटी बातमीस लावावयाची आणि जाहिरातीस लावावयाची नाही, हा विवेक नव्हे; ही गिऱ्हाइकाची मर्जी राखणे होय. आणि ज्यांना शास्त्राचा एवढा पुळका होता, त्यांनी पर्लच्या आकड्यांवर शंका घेणारा लेख तरी छापावयाचा होता. खंडन करण्यास विषय आधी वाचकापुढे मांडावा लागतो. आणि न मांडणे हेच तर इष्ट होते.

ह्याहून मोठा पुरावा पुढच्या इतिहासाने दिला. 1950 साली इंग्लंडात डॉल व हिल ह्यांनी, आणि अमेरिकेत विंडर व ग्रॅहम ह्यांनी, फुप्फुसाचा कर्करोग व धूम्रपान ह्यांचा संबंध दाखविणारी संशोधने वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केली. त्यानंतर 1952 च्या डिसेंबरात हा विषय अमेरिकेच्या घरोघरी ज्या मासिकाने पोहोचविला, ते होते 'रीडर्स डायजेस्ट'. हे मासिक काही सेल्डिसच्या मताचे नव्हते. 1943 सालच्या 'फॅक्ट्स अँड फॅसिझम' ह्या पुस्तकात त्याने त्याच्यावर सडकून टीका केली होती. मग इतर थोर थोर पत्रे गप्प असता ह्या मासिकाचेच तोंड कसे उघडले? ह्याचे उत्तर संपादकाच्या धैर्यात शोधण्याआधी त्याच्या जमाखर्चात शोधावे. 'रीडर्स डायजेस्ट'च्या अमेरिकन आवृत्तीत त्या वेळी जाहिराती घेतच नसत. त्या सुरू झाल्या 1955 साली. राजकारणात एकमेकांच्या विरुद्ध टोकांस असलेली दोन पत्रे एकाच बातमीविषयी बोलती झाली, आणि त्या दोहोंत सामान्य गोष्ट एकच होती: दोन्ही वाचकांच्या वर्गणीवर जगत होती. आमच्या सिद्धांतास ह्याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस माहीत नाही. अमेरिकेच्या प्रमुख सरकारी वैद्याधिकाऱ्याचा धूम्रपानावरील अहवाल 1964 साली प्रसिद्ध झाला. पर्लच्या कोष्टकापासून त्या अहवालापर्यंत 26 वर्षे गेली. त्या काळात जे मेले ते सर्व वृत्तपत्रांच्या मौनामुळे मेले, असा अतिरेकी आरोप आम्ही करीत नाही. कळूनही ओढणारे पुष्कळ असतात. परंतु कळून ओढणे आणि न कळता ओढणे ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर ज्यांनी पुसले त्यांच्याकडे त्याचा जाब आहे.

आता सेल्डिसवरच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. तो पक्षपाती होता, डाव्या मतांकडे झुकलेला होता, आणि 'इन फॅक्ट'च्या आरंभी त्याच्या सहसंस्थापकाचा कम्युनिस्ट पक्षाशी संबंध होता, असे त्याचे विरोधक म्हणत. ह्यातील शेवटची गोष्ट खरी आहे. तो सहसंस्थापक 1941 साली दूर झाला. सेल्डिसचा ओढा कोणीकडे होता हेही त्याच्या लेखांत लपलेले नाही, आणि त्याची सर्व राजकीय मते आम्हांस मान्य आहेत असेही नाही. रशियाच्या बाबतीत त्याच्या पत्राचा डोळा पुष्कळदा जरूर तेवढा उघडा नसे. पण ह्यावरून सिद्ध काय होते? पर्लचे आकडे सेल्डिसने छापले म्हणून खोटे ठरतात काय? वैद्याचे मत ऐकण्याआधी तो कोणास मत देतो हे विचारणारा रोगी आम्ही शहाणा समजू काय? आणि पक्षपाताची भाषा काढावयाचीच, तर सेल्डिसचा पक्षपात त्याच्या सहीनिशी चार पानांवर उघडा पडलेला होता. ज्यांनी बातमी गाळली त्यांचा पक्षपात निःपक्षपातीपणाचा झगा घालून हिंडत होता. ह्या दोहोंपैकी वाचकास अधिक धोका कोणाचा? विरोधकांच्या आक्षेपास काळाने एक उत्तरही दिले. 1948 साली युगोस्लाव्हियाच्या टिटोने स्टालिनशी फारकत घेतली, तेव्हा सेल्डिसने टिटोची बाजू घेतली. आणि लगेच कम्युनिस्टांनी त्याच्या पत्राकडे पाठ फिरविली. जो खरोखरच पक्षाचा बंदा असतो, त्याच्यावर असा प्रसंग येत नाही.

ह्या पत्राचा शेवट कसा झाला, हे मात्र आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ऐन भरात 'इन फॅक्ट'चा खप 1,76,000 प्रतींवर गेला होता. जाहिरातीवाचून पत्र चालणे शक्य नाही, असे जे व्यवहारी लोक म्हणतात, त्यांना हा आकडा हेच उत्तर आहे. वाचकांनी मनात आणले तोपर्यंत ते चालले, आणि उत्तम चालले. मग महायुद्ध संपले, शीतयुद्ध सुरू झाले, आणि ज्याच्या त्याच्या अंगणात कम्युनिस्ट शोधण्याची साथ अमेरिकेत पसरली. गुप्त पोलिसखात्याची सेल्डिसवर पाळत होती; मोठ्या दैनिकांतील टीकाकार त्यास राष्ट्रद्रोही ठरवीत होते. पण पत्रावर बंदी घातली गेली नाही, छापखान्यास टाळे लागले नाही, संपादक तुरुंगात गेला नाही. वर्गणीदार गळाले, एवढेच. आपल्या नावाने हे पत्र टपालाने येते हे कोणास कळले तर नोकरीचे काय होईल, शेजारी काय म्हणतील, ह्या भीतीने भल्या भल्या गृहस्थांनी वर्गणी पुन्हा भरली नाही. 1950 च्या ऑक्टोबरात, डॉल आणि हिल ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत, पत्र बंद पडले. 1953 साली मॅकार्थीच्या समितीने सेल्डिसला चौकशीस बोलाविले. आपण कम्युनिस्ट नाही असे त्याने सांगितले आणि तो निर्दोष बाहेर पडला. पण तोवर त्याचे पत्र मरून अडीच वर्षे झाली होती. ते मॅकार्थीने मारले असे म्हणण्याची रीत आहे. आम्ही ती अर्धीच मान्य करतो. भीती घालणारे पुष्कळ होते. पण वर्गणीचा डॉलर खिशात ठेवणारा हात वाचकाचाच होता.

हे सर्व दूरच्या देशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांनी समजू नये. 2009 सालच्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत एकाच पुढाऱ्याची स्तुती करणारा मजकूर, शब्दाला शब्द तोच, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. दोन प्रतिभावंत लेखकांस एकाच दिवशी एकच वाक्यरचना सुचावी, हा चमत्कार सरस्वतीचा नसून लक्ष्मीचा असावा, असा संशय ज्यांनी पुराव्यानिशी मांडला, ते पी. साईनाथ. त्यांनी 'द हिंदू' पत्रातून हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघर पोहोचला. प्रेस कौन्सिलने दोन सभासदांची उपसमिती नेमली होती. तिने 71 पानांचा अहवाल लिहिला, आणि त्यात पत्रांची नावे घातली. 2010 साली कौन्सिलने काय करावे? नावे नसलेला त्रोटक अहवाल स्वीकारला, आणि मूळ अहवाल बाजूस ठेवला! 2011 साली माहिती आयोगाने हुकूम केला, तेव्हा तो लोकांस पाहावयास मिळाला. वृत्तपत्रांनी पैसे घेऊन बातम्या छापल्या, हीच ती बातमी. आणि तीच दाबून ठेवण्याची खटपट झाली. सेल्डिस त्या वेळी हयात असता, तर ह्यात त्यास नवीन असे काही आढळले नसते. फरक एवढाच, की त्याच्या काळी मौन विकत मिळे. आमच्या काळी स्तुतीही विकत मिळू लागली.

तंबाखूचीच गोष्ट घ्या. 2003 च्या कायद्याने आपल्या देशात तंबाखूच्या जाहिरातींस बंदी झाली. तेव्हापासून तीच नावे व तीच चित्रे वेलची आणि पानमसाला ह्यांच्या मिषाने वाचकांपुढे येतात. वेलचीचा एवढा खप ह्या देशात खरोखरच आहे काय, हा प्रश्न ज्या संपादकाने विचारावयाचा, त्याच्याच पत्राचा कागद त्या वेलचीच्या पैशाने विकत घेतलेला असतो.

आता ह्या रोगाचे निदान संपादकाच्या किंवा मालकाच्या दारातच थांबवावे, असे आमच्या सुशिक्षित बंधुभगिनींस वाटेल. आम्ही तेथे थांबणार नाही. आपल्या घरातील वर्तमानपत्राचा हिशेब कसा होतो ते पाहा. अंक काढण्यास जो खर्च येतो त्याहून पुष्कळ कमी किमतीस तो आपल्याला मिळतो, आणि तरीही किंमत रुपयाने वाढली की आपण पत्र बदलतो. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर बादली मिळणार की खुर्ची, ह्यावर कोणते पत्र घ्यावयाचे ते ठरते. महिन्याअखेर रद्दीवाल्याशी घासाघीस करून पत्राचे निम्मे पैसे वसूल झाले, म्हणून घरातील कर्ती माणसे समाधान मानतात. मुलाच्या शिकवणीस, लग्नाच्या मंडपास, सहलीस जे कुटुंब सढळ हाताने खर्च करते, तेच कुटुंब सत्य मात्र रद्दीच्या भावाने मागते. मग राहिलेला खर्च कोणी तरी भरावयाचाच. तो जो भरतो, त्याचे पत्र होते. आपण गिऱ्हाईक आहोत असे आपणांस वाटते. वस्तुतः आपण माल आहोत, आणि जाहिरातदार हे गिऱ्हाईक आहे. आपल्या डोळ्यांची संख्या मोजून त्याला दर सांगितला जातो.

ह्यावर नवी पिढी म्हणेल, की आता कागदाचे पत्र कोण वाचतो. हातातल्या फोनवर सर्व बातम्या फुकट मिळतात आणि ज्यास जे हवे ते तो लिहू शकतो. तेव्हा ही जुनी रडगाणी पुरे. आम्ही नम्रपणे सुचवितो की रोग ह्याने गेला नाही, बळावला. पूर्वी वाचक निदान थोडे तरी पैसे देत होता. आता काहीच देत नाही, म्हणून सगळाच खर्च जाहिरातदाराच्या अंगावर गेला. जेथे वाचकाचा एक पैसाही नाही, तेथे त्याच्या बाजूने कोण बोलणार? लिहिण्याची सोय सर्वांस झाली हे खरे. परंतु वर्षानुवर्षे कागदपत्रे चाळून, एका विषयाचा पाठपुरावा करून लिहिणाऱ्या माणसास दोन वेळा जेवावयास लागते, ही अडचण त्या सोयीने मिटलेली नाही. पत्रव्यवसायात काही धर्मादाय नाही, तो धंदा आहे, असे मालक म्हणतात, ते आम्हांस मान्य आहे. धंदाच आहे, म्हणून तर गिऱ्हाईक व्हा, असे आमचे वाचकांस सांगणे आहे.

सेल्डिसचे पत्र मेले, पण त्याचे बी मेले नाही. 1953 च्या जानेवारीत आय. एफ. स्टोन ह्याने वॉशिंग्टन येथे त्याच धर्तीवर आपले साप्ताहिक काढले, आणि ते काढताना सेल्डिसचे ऋण मान्य केले. बंद पडलेल्या 'इन फॅक्ट'च्या व इतर पत्रांच्या वर्गणीदारांच्या याद्या त्याच्या उपयोगी पडल्या. आरंभी वर्गणीदार 5,300 च्या सुमारास होते. 1971 साली त्याने पत्र बंद केले तेव्हा ते 70,000 च्या घरात पोहोचले होते. 1964 साली टोंकिनच्या आखातातील चकमकीची सरकारी हकीकत बहुतेक मोठ्या पत्रांनी जशीच्या तशी गिळली, तेव्हा तीवर शंका घेणाऱ्या पहिल्या मोजक्या पत्रांत हे एक होते. ते 5,300 लोक कोण होते? कोणी मोठे पुढारी नव्हते. मास्तर, कारकून, वकील, त्यांच्या बायका, असेच तुमच्या आमच्यासारखे मध्यम स्थितीतले लोक. शीतयुद्धाची भीती त्यांनाही होतीच. तरी त्यांनी वर्गणी पाठविली.

असो. सेल्डिस 1987 साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, आपले आत्मवृत्त प्रसिद्ध करून मोकळा झाला. त्याच्या आधी 1981 साली पत्रकारितेतले मानाचे पोल्क पारितोषिकही त्याच्या वाट्यास आले होते. ज्या व्यवसायाने चाळीस वर्षे त्याचे नाव टाळले, त्यानेच म्हातारपणी त्यास हार घातला. हार घालण्यास फारसा खर्च येत नाही. आम्हांस विचाराल तर आमच्यातील अशा एखाद्या माणसास हार घालण्याची वाट आपण पाहू नये. तो जिवंत आहे, लिहितो आहे, आणि त्याचे पत्र चालले आहे, तोवरच त्याची वर्गणी भरावी, आणि ती पूर्ण भरावी. मराठीत असे प्रामाणिक पत्र कोणते, हे वाचकांनी स्वतः पारखून ठरवावे. पारखण्याची रीत सेल्डिसने सांगून ठेवलीच आहे: पत्रात काय छापले आहे ते पाहण्याआधी पत्राचे पोट कोण भरतो ते पाहावे, आणि मग त्या अन्नदात्याविषयीची बातमी त्यात कधी आली होती काय, हे आठवून पाहावे. आठवत नसेल, तर त्या पत्राच्या रद्दीचे जे पैसे आले असतील, तेवढेच त्याचे खरे मोल समजावे.